मोजलेलं किती, मानलेलं किती

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश सोडून तू आता मेंदूच्या एमआरआयकडे वळणार, छानच झालं. पण ‘रिकन म्हणजे शेवटी उलटं फूरिए रूपांतरच ना?’ हे तुझं वाक्य वाचून हसू आलं. रिकन म्हणजे मोजलेल्या आकड्यांतून चित्र उभं करणं. फूरिए चित्राला लहरींत मोडतं, उलटं फूरिए त्या लहरींतून चित्र परत जुळवतं; ही कोडमधली एक ओळ. तिच्याआधीची एखादी पायरी चुकली की तीच ओळ इमानेइतबारे चुकीचं चित्र काढून देते, आणि वाईट म्हणजे ते चित्र बऱ्याचदा दिसायला चांगलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. यातून एकच प्रश्न धरून ठेव: समोरच्या चित्रात मोजलेलं किती आणि मानलेलं किती?

तुझ्याच बाजूनं सुरुवात करू. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांच्या जोड्या ४३५. प्रत्येक जोडी आकाशाच्या फूरिए प्रतलातला एक बिंदू मोजते आणि पृथ्वी फिरते तसा तो बिंदू सरकत कमान काढतो. आकाशाचा फोटो असा कुणी काढतच नाही. तासन्‌तास या कमानी गोळा करायच्या आणि मग गणितानं आकाश उभं करायचं. एमआरआयमध्येही तेच. डोकं चुंबकात असतं, आतले प्रोटॉन ३ टेस्लाला १२७.७ मेगाहर्ट्झवर गुणगुणतात (१.५ टेस्लाला ६३.९ वर), ग्रेडियंट कॉइल चुंबकीय क्षेत्राला थोडा उतार देतात, आणि तो उतार किती जोराचा व किती वेळ दिला यावर आपण के-स्पेसमध्ये (एमआरआयच्या फूरिए प्रतलाचं नाव) कुठे उभे आहोत ते ठरतं. पृथ्वीनं फिरायचं काम इथे ग्रेडियंट करतात, तेही काही मिलिसेकंदांत. मशीनची ती कानठळ्या बसवणारी ठकठक म्हणजे के-स्पेसमध्ये रेघा ओढल्याचा आवाज.

लॉटरबरनं १९७३ साली पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं जे चित्र छापलं, ते वेगवेगळ्या कोनांतल्या छायांवरून जुळवलेलं होतं, सीटी स्कॅनच्या धर्तीवर. थेट फूरिएच्या जाळीवर मोजायची कल्पना १९७५च्या शोधनिबंधात आली. लेखक होते अनिल कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट. यातले अनिल कुमार पुढे बंगळुरूच्या आयआयएस्सीत आले. आजचे बहुतेक ब्रेन स्कॅन त्याच जाळीवर उभे आहेत. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक फरक मात्र पहिल्याच दिवशी पक्का कर. तुमच्याकडे दोन डिश एकमेकींना चिकटवता येत नाहीत, त्यामुळे फूरिए प्रतलाच्या मधोमध भोक राहतं आणि आकाशातले मोठे पसरट ढग निसटतात. आमच्याकडे मध्य मोजायला काहीच अडचण नाही, आणि सगळ्यात मोलाचा भागही तोच. ग्रे मॅटर आणि व्हाइट मॅटर यांच्यातला कॉन्ट्रास्ट बहुतेक तिथेच असतो. कडांचे बारकावे बाहेरच्या भागात. मधला बिंदू कडेच्या बिंदूंच्या हजारो पट मोठा असतो. के-स्पेस नेहमी लॉग घेऊन बघ, नाहीतर काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका एवढंच दिसेल.

आता के-स्पेसमधल्या काही रेघा न मोजता गाळायच्या कशासाठी? हिशेब बघ. नेहमीचा टी-१ स्कॅन (मेंदूची रचना दाखवणारा): २५६ मिलिमीटरचं क्षेत्र, १ मिलिमीटरची जाळी, म्हणजे २५६ रेघा, दर रेघेला २.३ सेकंद. एकूण ५८९ सेकंद, जवळपास १० मिनिटं. एक आड एक रेघ गाळली पण मधल्या २४ सगळ्या ठेवल्या, तर उरतात १४० रेघा आणि वेळ लागतो ५ मिनिटं २२ सेकंद. घाबरलेल्या आजोबांना किंवा सहा वर्षांच्या पोराला त्या बोगद्यात १० मिनिटं न हलता पडून राहायला सांगितलं, की या साडेचार मिनिटांची किंमत कळते.

रेघांमधलं अंतर दुप्पट केलं की चित्राचं क्षेत्र निम्मं होतं, आणि उरलेलं निम्मं डोकं त्यावरच घडी घालून येऊन बसतं. ही घडी उलगडते ती कॉइलमुळे. डोक्याभोवती शिरस्त्राणासारख्या ३२ कॉइल, म्हणजे सिग्नल ऐकणारे छोटे अँटेना, असतात. लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक डोळ्यांसमोर आण. दोन पथकं एकदम वाजवतायत आणि प्रत्येक गॅलरीतून कुणीतरी मोबाइलवर आवाज टिपतंय. ज्याच्या घराखाली जे पथक, त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते मोठं, दुसरं बारीक. कुठल्या गॅलरीला कुठली जागा किती मोठ्यानं ऐकू येते हे आधी माहीत असेल, तर साध्या समीकरणांनी दोन्ही पथकं वेगळी काढता येतात. सेन्स ही पद्धत (१९९९) हे काम चित्रात करते. ग्रापा (२००२) के-स्पेसमध्येच शेजारच्या रेघांवरून गाळलेली रेघ भरते. दोन्हींना त्या मधल्या २४ रेघा लागतात किंवा वेगळा छोटा स्कॅन लागतो.

पण पथकं सगळ्या गॅलऱ्यांपासून सारखीच लांब असतील तर? मग सगळ्यांना दोन्ही सारखीच ऐकू येतात आणि वेगळी काढताना हात थरथरतो. डोक्यात ही जागा म्हणजे मधोमध, थॅलॅमस आणि ब्रेनस्टेमकडे. तिथे नॉइज, म्हणजे सिग्नलमधली खरखर, फुगतो. त्या फुगण्याला जी-फॅक्टर म्हणतात. सिग्नल-टू-नॉइजला वेगाच्या वर्गमुळानं भागायचं आणि वर जी-नं भागायचं. चौपट वेग आणि जी १.५ असेल तर भागाकार तीननं, म्हणजे उरला एक तृतीयांश. कुणीही चौपट वेगाचं चित्र कौतुकानं दाखवलं तर कडेचा सुंदर कॉर्टेक्स बघू नकोस, मधोमध बघ.

२००७ साली लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग एमआरआयमध्ये आणलं. सारख्या अंतरानं रेघा गाळल्या की स्वच्छ घडी पडते. वेड्यावाकड्या अंतरानं गाळल्या की त्याच घडीचा भुगा होऊन नॉइजसारखा पसरतो. मेंदूचं चित्र वेव्हलेटमध्ये (लहान-मोठ्या तुटक लहरींत मोडून) मोजक्याच आकड्यांत मावतं, भुगा मावत नाही, म्हणून तो चाळून काढता येतो. तुमचा, रेडिओ खगोलशास्त्रातला, १९७४चा क्लीन अल्गोरिदम याचाच मोठा भाऊ. तो आकाश म्हणजे काळोखात विखुरलेले ठिपके असं मानतो. मेंदू ठिपक्यांचा नसतो, त्यामुळे क्लीन उचलून इकडे आणायचा मोह टाळ. आणि एक अट लक्षात ठेव: द्विमितीय स्कॅनमध्ये रीडआउटच्या, म्हणजे एका दमात मोजल्या जाणाऱ्या, रेघेवरचे बिंदू गाळून वेळेत छदामही वाचत नाही, गाळायच्या त्या अख्ख्या रेघाच. बिंदू-बिंदूंचा ठिपकेदार मास्क (कुठे मोजायचं, कुठे गाळायचं याचा नकाशा) फक्त त्रिमितीय स्कॅनला शोभतो, तिथे गाळायला दोन दिशा मिळतात. द्विमितीय स्कॅनवर असा ठिपकेदार मास्क लावलेला दिसला, की लिहिणारा कधी मशीनजवळ गेलेला नाही हे ओळखावं.

आता प्रत्यक्ष काम. रॉ डेटा, म्हणजे के-स्पेसचे मूळ आकडे, प्रत्येक कंपनीचा वेगळ्या साच्यात येतो. आधी तो आयएसएमआरएमआरडी या सामाईक साच्यात आण, मग पुढचा कोड एकच राहतो. आकार बघून दचकू नकोस: ३२ कॉइल, रीडआउटला दुप्पट सॅम्पलिंग म्हणून ५१२, गुणिले २५६, गुणिले १९२, दर आकड्याला ८ बाइट, म्हणजे एका डोक्याचे साधारण साडेसहा जीबी. रीडआउटच्या दिशेनं उलटं फूरिए घेऊन मधला निम्मा भाग ठेवला की ३.२ जीबी. त्या दिशेनं काहीच गाळलेलं नसल्यामुळे एक मोठा त्रिमितीय प्रश्न तिथेच २५६ छोट्या द्विमितीय प्रश्नांत मोडतो आणि साध्या जीपीयूत मावतो.

पण त्याआधी नॉइज. हे काम सगळे टाळतात आणि मग महिनाभर डोकं खाजवतात. स्कॅनच्या सुरुवातीला मशीन आरएफ (रेडिओ) पल्स न देता काही क्षण नुसतं ऐकतं. तो डेटा फेकू नकोस. त्यावरून ३२ बाय ३२चं कोव्हेरियन्स कोष्टक (कुठल्या कॉइलचा नॉइज किती आणि कुणाशी जुळतो ते) काढ, चोलेस्की विघटन (कोष्टकाचं जणू वर्गमूळ) कर आणि त्याच्या व्यस्तानं सगळा डेटा गुण. यानंतर प्रत्येक चॅनलचा नॉइज स्वतंत्र आणि एककाचा होतो. पडताळा सोपा: नॉइजचाच डेटा त्यातून काढून कोष्टक पुन्हा मांड, कर्णावर १ आणि इतरत्र शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे. मूळ कोष्टकात एखाद्या कॉइलचा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी वर किंवा खाली असेल तर ती कॉइल मेलेली आहे किंवा प्लग नीट बसलेला नाही. नॉइज आणि खरा स्कॅन यांची बँडविड्थ वेगळी असेल तर तेवढ्यानं गुणायचं राहून जातं, तेही बघ.

मग एसव्हीडीनं (कोष्टकातला महत्त्वाचा भाग वेगळा काढणारं गणित) ३२ कॉइलच्या १२ काल्पनिक कॉइल कर. मेंदूसाठी एवढ्या सहसा पुरतात आणि डेटा १.२ जीबीवर येतो. नॉइज सारखा न करता ही पायरी केलीस तर सगळ्यात गोंगाटी कॉइल पहिल्या क्रमांकावर येऊन बसेल. क्रम महत्त्वाचा तो यासाठी.

कॉइलचे नकाशे (कुठल्या कॉइलला कुठली जागा किती मोठ्यानं ऐकू येते ते) २०१४च्या ईस्पिरिट पद्धतीनं काढ. बार्ट या मोफत टूलबॉक्समध्ये ती तयार आहे: मधल्या २४ रेघा, ६ बाय ६चा कर्नल (शेजारच्या बिंदूंची खिडकी), आणि ०.८च्या आसपास काटछाटीचा उंबरठा. उंबरठा फार वर नेला तर मेंदूची कडच कापली जाते. फार खाली आणला तर बाहेरच्या हवेला नकाशे फुटतात आणि तिथला कचरा आत ओढला जातो. क्षेत्र डोक्यापेक्षा लहान ठेवलं असेल, म्हणजे नाक मागे घडी होऊन आलं असेल, तर एका बिंदूवर दोन जागा असतात. तिथे नकाशांचे दोन संच घ्यावे लागतात, एकानं भागत नाही. बार्टच्या फायली पायथनमध्ये उघडताना अक्षांचा क्रम उलटा लागतो, त्यात एक दुपार जाईल. जाऊ दे.

शेवटी सोडवायचं समीकरण: चित्र गुणिले नकाशे, त्यांचं फूरिए, त्यावर मास्क, हे मोजलेल्या आकड्यांशी जुळलं पाहिजे. हे मोजलेलं. वर लॅम्डा गुणिले वेव्हलेटची अट. हे मानलेलं. दोघांच्या मधला तराजू म्हणजे लॅम्डा, आणि तो डेटाच्या मापावर अवलंबून असतो. मशीनचे आकडे कधी हजारांत, कधी लाखांश भागात येतात; डेटा आधी ठरावीक मापावर आणला नाहीस तर एका रुग्णाचा लॅम्डा दुसऱ्याला मेण चोपडल्यासारखं गुळगुळीत करून टाकेल. नुसत्या सेन्ससाठी काँज्युगेट ग्रेडियंटच्या (समीकरण फेऱ्याफेऱ्यांनी सोडवायची रीत) १० ते २० फेऱ्या पुरे. नकाशे कच्चे असतील तर जास्त फेऱ्यांनी चित्र सुधारत नाही, नॉइज वाढतो.

आता बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट. उलटं फूरिए घेताना मध्य कोपऱ्यात न्यायचं राहिलं, तर चित्राचा आकार अगदी व्यवस्थित दिसतो, पण फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) दर पिक्सेलला उलटी होते: अधिक, उणे, अधिक, उणे. मॅग्निट्यूड, म्हणजे नुसता उजळपणा, बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. पुढे टोटल व्हेरिएशन (शेजारचे पिक्सेल सारखे असावेत ही अट) लावलं की शेजारचे पिक्सेल सारखे नाहीत म्हणून ते सगळ्या चित्रालाच शिक्षा करतं, आणि तू लॅम्डा बदलत बसतोस. म्हणून प्रत्येक पायरीनंतर मॅग्निट्यूडच्या शेजारी फेजचं चित्र लाव. ती सावकाश बदलणारी, ढगाळ दिसली पाहिजे. पट दिसला की तिथेच थांब.

दुसरी तशीच लपणारी चूक डाव्या-उजव्याची. त्या दिशेच्या फूरिएचं चिन्ह उलटं लावलं की चित्र आरशातल्यासारखं उलटतं, आणि मेंदू बाहेरून इतका सममित असतो की कुणाला कळत नाही. त्यावर उपाय औषधाच्या दुकानातला: माशाच्या तेलाची किंवा ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल उजव्या कानशिलाला चिकटपट्टीनं लाव. तेल टी-१ चित्रात पांढरं चमकतं. ते रुग्णाच्या उजव्या बाजूला दिसेपर्यंत कोड बरोबर आहे असं म्हणायचं नाही.

मशीनच्या बाजूचे घोटाळे तुला सोपे जातील, आरएफआयशी (बाहेरच्या रेडिओ गोंगाटाशी) तुझं जुनंच वैर. सगळ्या चित्रावर कॉर्डुरॉयच्या कापडासारखे तिरपे पट्टे दिसले तर के-स्पेसमध्ये एकच बिंदू भडकलेला असतो: सैल स्क्रू, किंवा कोरड्या हवेतली स्थिर विजेची ठिणगी. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी झाली की याकडे जास्त लक्ष दे. लॉग घेतलेल्या के-स्पेसमध्ये तो बिंदू उघडा दिसतो. त्याला मास्कमध्ये ‘मोजलाच नाही’ असं टाक, शेजाऱ्यांची सरासरी भरू नकोस. एकच ठिपक्या-ठिपक्यांची रेघ फेज एन्कोडिंगच्या (एका रेघेकडून पुढच्या रेघेकडे जाणाऱ्या) दिशेनं गेली असेल तर खोलीच्या तांब्याच्या पिंजऱ्यातून बाहेरचा रेडिओ आत येतोय, बहुधा दार नीट लागलेलं नाही. डोकं हललं तर फेजच्याच दिशेनं भुतं उमटतात, कारण एका रेघेचे सगळे बिंदू काही मिलिसेकंदांत येतात पण पुढची रेघ सेकंदांनी. इतक्या उशिरानं आलेल्या रेघेला डोकं वेगळ्याच जागी सापडतं. यावर अल्गोरिदम आहेत, पण कानांच्या दोन्ही बाजूंना उशीच्या घड्या घट्ट बसवणं हा त्यातला सगळ्यात भरवशाचा.

आणि न्यूरल नेटवर्क. तू ते विचारलंच आहेस. आज चांगली नेटवर्क ‘उलगडलेली’ असतात: वरचंच समीकरण दहा-बारा टप्प्यांत सोडवायचं, वेव्हलेटच्या जागी शिकलेलं जाळं, आणि प्रत्येक टप्प्यावर मोजलेल्या डेटाशी पुन्हा मेळ. मेळ घालणारा तो भाग नसेल तर त्या कोडला हात लावू नकोस. डेटासाठी फास्टएमआरआयचा संच घे, त्यात मेंदूचे ६,९७० स्कॅन आहेत, खऱ्या के-स्पेससकट. २०२०च्या त्यांच्या स्पर्धेत उत्तम गुण मिळवलेल्या चित्रांतही रेडिओलॉजिस्टना नसलेल्या गोष्टी उगवलेल्या दिसल्या, हे मुद्दाम वाच.

सगळ्यात मोठा सापळा मात्र त्याहून साधा आहे. लोक दवाखान्यातलं तयार डायकॉम चित्र (दवाखान्यांचा चित्रं साठवायचा साचा) घेतात, त्याचं फूरिए करतात आणि त्याला के-स्पेस म्हणतात. अशा डायकॉममध्ये सहसा फक्त मॅग्निट्यूड असतो, म्हणजे वास्तव संख्या. वास्तव चित्राच्या फूरिएचा एक अर्धा भाग दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब असतो. म्हणजे निम्मा डेटा गाळूनही काहीच गाळलेलं नसतं! शिवाय मशीननं २५६चं चित्र शून्यं भरून ५१२ केलेलं असेल तर बाहेरच्या रेघा मुळातच रिकाम्या. त्या ‘गाळून’ दुप्पट वेग मिळवणं म्हणजे रिकामी पिशवी हलकी आहे असं सिद्ध करणं. २०२२ साली यावर चांगला शोधनिबंध आला आणि अशा डेटावरचे निकाल किती फुगतात ते आकड्यांत दाखवलं.

चाचणीचे संच रुग्णावरून पाड, स्लाइसवरून नाही. एकाच डोक्याच्या शेजारच्या दोन स्लाइस जवळजवळ सारख्याच असतात. एसएसआयएम (दोन चित्रं किती सारखी याचा गुण) काढताना डोक्याबाहेरची काळी हवा वगळ, नाहीतर ती फुकटचे गुण देते. आणि खरी परीक्षा अशी घे: ३ मिलिमीटरचा एक पांढरा डाग चित्रात ठेव, कॉइलच्या नकाशांतून आणि फूरिएतून नेऊन तो मूळ रॉ डेटात मिसळ, मग मास्क लावून रिकन कर. डाग परत आला का, किती फिका झाला, बघ. डाग न घालताही करून बघ, कारण नसलेला उगवणं हे असलेला पुसण्याइतकंच वाईट. जागा बदलून, मधोमधही ठेवून, निदान शंभर वेळा.

खासगीपणाबद्दल दोन शब्द. त्रिमितीय स्कॅनवरून चेहरा ओळखू येईल असा उभा राहतो. हेडरमधलं नाव पुसून भागत नाही, आणि के-स्पेसमध्ये चेहरा कुठे एका जागी नसतो की तेवढा खोडता येईल. त्यामुळे रॉ डेटा संस्थेबाहेर न्यायच्या आधी एथिक्स कमिटीचं पत्र लागेल. अर्ज आत्ताच टाक, वेळ लागतो.

तोवर फळावर काम चालतं. पाण्याची बाटली नॉइज तपासायला ठीक, पण तिच्यात बारकावे नसतात. डाळिंब उत्तम: दाणे पाण्याचे, मध्ये पातळ पापुद्रे, हलत नाही, संमतीपत्र लागत नाही. एक आड एक रेघ गाळून दाणे मोजता आले पाहिजेत.

शनिवारी येशील तेव्हा ४ टीबीची रिकामी डिस्क आण, पेन ड्राइव्ह चालणार नाही. मशीन आपल्याला संध्याकाळी सातनंतर मिळेल, तासभर. खिशातल्या किल्ल्या, पट्टा, घड्याळ सगळं बाहेरच ठेवायचं, तुझी ती लोखंडी पट्टीची चप्पलसुद्धा. डाळिंबं मी मार्केट यार्डातून आणतो, कॅप्सूल तू आण.

तुझा,
जुना मित्र